मराठी व्हिजिटिंग कार्डावरचे अक्षर किती मोठे असावे?

व्हिजिटिंग कार्ड करायला घेण्यापूर्वी कोऱ्या कागदावर आपले नाव, आडनाव, व्यवसायाचे नाव आणि पत्त्यातील गावाचे नाव मराठीत लिहून काढावे आणि त्यात भ, ध किंवा थ यांपैकी एखादे अक्षर येते का ते पाहावे. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्यांमधला फरक अक्षराच्या डाव्या खांद्याशी असतो. भ, ध आणि थ यांच्या त्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते आणि फटीपाशी एक बारीक वळण असते. म, घ आणि य यांच्यावर रेघ सलग जाते. अक्षर लहान केले की सर्वांत आधी ही फट बुजते, आणि मग भोरे यांचे मोरे होतात. पडद्यावर हे कधीच दिसत नाही, कारण तेथे आपण कार्ड चौपट मोठे करून पाहत असतो. म्हणून कार्डावरील अक्षराचा आकार ठरवण्याचा माझा पहिला नियम असा आहे की, आपल्या मजकुरात जे अक्षर सर्वांत नाजूक असेल ते ज्या आकारात स्पष्ट उमटेल, त्याच्या खाली कुठलीही ओळ जाऊ द्यायची नाही.

हा नियम मी चूक करून शिकलो. भोर तालुक्यातील एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांचे कार्ड मी केले होते. गडद तपकिरी कागद, त्यावर सोनेरी फॉइल आणि पत्ता ६.५ पॉइंट इतक्या बारीक अक्षरात, असा तो आराखडा पडद्यावर फार देखणा दिसत होता. छापून आले तेव्हा फॉइल अक्षरांच्या फटींमध्ये पसरले होते आणि गावाचे नाव स्पष्टपणे ‘मोर’ असे वाचले जात होते. तीच दशा पिनकोडमधील आकड्यांची झाली होती. छापखान्याची त्यात काही चूक नव्हती. फॉइलचा तापलेला ठसा कागदावर दाबला जातो तेव्हा तो कडेने थोडा पसरतोच, आणि तेवढी जागा मी अक्षराला ठेवलेलीच नव्हती. हजार कार्डे पुन्हा छापून द्यावी लागली.

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. ८ पॉइंट म्हटले की अक्षर २.८ मिलिमीटर उंच असेल असे अनेकांना वाटते, पण ते तसे नसते. ही उंची अक्षराच्या संपूर्ण चौकटीची असते आणि देवनागरीत त्या चौकटीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार व हलन्ताची खूण, एवढ्या सगळ्यांची सोय करावी लागते. शिरोरेषेपासून खाली उरणारे मूळ अक्षर बहुतेक फॉन्टमध्ये चौकटीच्या निम्म्याहून थोडेच अधिक भरते. ८ पॉइंटचा ‘क’ त्यामुळे दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येतो. शिवाय एवढ्याशा उंचीत रोमन लिपीतील अक्षरापेक्षा कितीतरी अधिक रेषा बसवायच्या असतात. इंग्रजी कार्डांसाठी दिलेले ‘६ किंवा ७ पॉइंट पुरे’ हे माप मराठीला लागू पडत नाही ते याच कारणाने.

मी जी मापे वापरतो ती येथे देतो. नाव १३ ते १६ पॉइंट, हुद्दा किंवा व्यवसाय ९ ते ९.५, फोन क्रमांक १०, पत्ता ८.५ ते ९ आणि रोमन लिपीतील ईमेल ८. मराठी मजकूर ८ पॉइंटच्या खाली आणि रोमन मजकूर ७ च्या खाली मी कधीही नेत नाही. फोन क्रमांक पत्त्यापेक्षा मोठा ठेवण्याला कारण आहे: पत्ता वाचताना एखादे अक्षर अस्पष्ट असले तरी शेजारच्या अक्षरांवरून शब्द कळतो, पण क्रमांकातला एक आकडा चुकला की कार्डाचा उपयोगच संपतो. देवनागरी १ आणि ९ लहान आकारात एकमेकांच्या फार जवळ जातात. दहा आकडे सलग न लिहिता पाच-पाचच्या दोन गटांत, मध्ये एक मोकळी जागा सोडून लिहावेत, कारण आपण क्रमांक बोलूनही तसाच दाखवतो.

जोडाक्षरांचाही विचार याच वेळी करावा. विठ्ठल या नावातला ‘ठ्ठ’ बहुतेक पारंपरिक वळणाच्या फॉन्टमध्ये एकाखाली एक असा उभा रचला जातो, म्हणजे एका अक्षराच्या उंचीत दोन ठ बसवले जातात. ८ पॉइंटच्या ओळीत त्या प्रत्येक ठ च्या वाट्याला ५ पॉइंटइतकीही जागा येत नाही. श्रद्धा, सिद्धी, पद्मा, हृषीकेश, प्रद्युम्न ही नावे अशीच दाटीची आहेत. रुपाली आणि रूपाली यांतल्या ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा फरक तर पोटाशी असलेल्या एका छोट्या वळणाचा आहे, आणि ज्या बाई आपले नाव दीर्घ लिहितात त्यांना तो दिसायला हवा असतो. नावात असे अक्षर असेल तर नाव १६ पॉइंटच्या जवळ ठेवावे आणि तेच अक्षर पत्त्यात किंवा संस्थेच्या नावात येत असेल तर ती ओळ ९ च्या खाली उतरवू नये.

जागेचा हिशोब

‘एवढे मोठे अक्षर घेतले तर मजकूर मावणार नाही’ ही तक्रार मला जवळजवळ प्रत्येक ग्राहकाकडून ऐकायला मिळते, म्हणून एकदा हिशोबच मांडतो. आपल्याकडे सर्वाधिक चालणारे कार्ड साडेतीन बाय दोन इंचांचे, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटरचे असते. कापताना सुरी मिलिमीटरभर इकडे-तिकडे होते, त्यामुळे चारही बाजूंनी ५ मिलिमीटर मोकळे सोडावेत. उरते ७९ बाय ४१. देवनागरीच्या दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण १.४ ते १.५ पट लागते. इंग्रजीला १.२ पट पुरते, आणि संगणक आपोआप तेवढेच देतो. म्हणून वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जाऊन अडकतो. आता १४ पॉइंटच्या नावाला २० पॉइंटची ओळ धरली तर ७ मिलिमीटर गेले. ९ पॉइंटच्या हुद्द्याला १३ पॉइंटची ओळ, म्हणजे ४.६. त्याखाली ६ मिलिमीटर कोरी जागा. पत्त्याच्या दोन ओळी ९.२, फोनची एक ओळ ४.९ आणि ईमेलची ४.२. बेरीज ३५.९ मिलिमीटर होते आणि तरीही पाच मिलिमीटर शिल्लक राहतात.

एक नाव, एक हुद्दा, दोन ओळींचा पत्ता, एक फोन आणि एक ईमेल एवढे मजकूर म्हणून घेतले तर अक्षर लहान करण्याची वेळ येतच नाही. ती येते ती तीन फोन क्रमांक, दोन शाखांचे पत्ते, ‘आमच्याकडे खालील कामे केली जातील’ अशी नऊ ओळींची यादी आणि वर कुलदैवताचे नाव, हे सगळे एकाच बाजूला हवे असते तेव्हा. देवाचे नाव ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, ती आपल्याकडची जुनी रीत आहे आणि वरच्या मध्यभागी ८ पॉइंटची एक ओळ त्याला पुरते. पण कामांची यादी मागच्या बाजूला न्यावी आणि फोन एकच, जो खरोखर उचलला जातो तोच द्यावा. मजकूर आणि आकार यांत भांडण झाले तर मजकूर कापावा. मी या बाबतीत ग्राहकाशी वाद घालतो, कारण कार्ड घेणारा माणूस बरेचदा चाळिशी ओलांडलेला असतो, त्याचा चष्मा दुसऱ्या खिशात असतो आणि त्याने हात लांब करूनही जर क्रमांक वाचता आला नाही, तर तो कार्ड परत खिशात टाकतो.

फॉन्ट निवडताना

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईच्या दिवसांत प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरले जात. मुंबईत १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. खिळा ज्या आकाराचा, त्या आकारासाठीच त्यातल्या पोकळ्या आणि जाडी बेतलेली असे. आजचा संगणक मात्र एकच आकृती सर्व आकारांना लहान-मोठी करून वापरतो, म्हणून २४ पॉइंटला सुंदर दिसणारा फॉन्ट ८ पॉइंटला टिकेलच असे नाही. ही पारख आता निवडणाऱ्यालाच करावी लागते.

लहान आकारासाठी फॉन्ट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या मोकळ्या आहेत का, जाड आणि बारीक रेषांमधला फरक फार टोकाचा नाही ना, आणि शिरोरेषा अक्षराच्या इतर रेषांच्या तुलनेत जड नाही ना. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला मुक्ता हा फॉन्ट या तिन्ही कसोट्यांना उतरतो. तो विनामूल्य मिळतो, त्याच्या सात जाड्या आहेत आणि त्यातच रोमन अक्षरेही त्याच हाताची आहेत, त्यामुळे पत्ता मराठी आणि ईमेल रोमन असे शेजारी आले तरी विसंगत वाटत नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद हाही पत्ता-क्रमांकांसाठी भरवशाचा आहे. वकील, वैद्य, कीर्तनकार, प्रकाशक यांच्या कार्डाला बोरूच्या वळणाची, जाड-बारीक रेषांची अक्षरे शोभतात. त्यासाठी टिरो देवनागरी मराठी घ्यावा, पण त्याला जाड रूप नाही हे आधी लक्षात घ्यावे. त्यात नाव उठून दिसायचे तर ते आकारानेच उठवावे लागते, आणि ते मला अधिक भारदस्त वाटते. बालूसारखे जाडजूड, गुबगुबीत फॉन्ट दुकानाच्या नावापुरते वापरावेत. पत्त्यात वापरले तर त्यांच्या पोकळ्या भरून जातात. एका कार्डावर दोनांहून अधिक फॉन्ट कधीही घेऊ नयेत.

फॉन्ट मराठीचा आहे की फक्त देवनागरी आहे, हेही तपासावे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये काढलेल्या लिपीविषयक शासन निर्णयात मराठी वळणाची रूपे दिलेली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की योग्य ते रूप आपोआप येते; भाषा हिंदी राहिली तर ‘लक्ष्मीशंकर’ छापून येते ते परक्याच्या हातचे वाटते. दुसरी तपासणी ऱ्य आणि ऱ्ह यांची. कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाडे, गोऱ्हे हे शब्द टाइप करून पाहावेत. मराठीतला हा र चंद्रकोरीसारखा अक्षराच्या आधी येतो, तो रफार होऊन डोक्यावर गेला तर फॉन्ट किंवा टाइप करण्याची पद्धत यांपैकी काहीतरी चुकते आहे. तिसरी तपासणी ॲ ची. कित्येक जुन्या फॉन्टमध्ये हे अक्षर नसतेच, आणि मग वकिलांच्या नावाआधी ‘अॅड.’ मध्ये चंद्र सरकून भलतीकडे बसतो किंवा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तीन-चार हजार कार्डांच्या छपाईत हे वर्तुळ गेलेले मी पाहिले आहे.

फॉन्ट एकदा निवडला की त्याच्याशी झटापट करू नये. ओळ मावत नाही म्हणून तो आडवा ८० टक्के दाबणे ही आपल्याकडची सर्वांत वाईट सवय आहे, कारण त्याने उभे काने बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते आणि अक्षराचा तोल जातो. जाड रूप उपलब्ध नाही म्हणून अक्षराला त्याच रंगाची बाहेरची रेघ देणेही टाळावे. पोकळ्या बुजतात त्या त्यानेच. इंग्रजी कार्डांवर अक्षरे विरळ पसरवून नाव लिहिण्याची पद्धत आहे, ती देवनागरीला लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द शब्द राहत नाही.

ईमेलसाठी रोमन अक्षर निवडताना छोटे एल, मोठे आय आणि एकचा आकडा शेजारी शेजारी टाइप करून पाहावेत, तिन्ही वेगळे दिसले पाहिजेत. देवनागरी आणि रोमन एकाच ओळीत येत असतील तर रोमन अर्धा ते एक पॉइंट लहान ठेवले म्हणजे दोन्ही डोळ्याला सारखे वाटतात. आकडे कोणते वापरावेत याबद्दल माझे मत असे आहे की, मराठी बाजूवर देवनागरी आकडे निःसंकोच वापरावेत, पण मागची बाजू इंग्रजी करून तेथे तोच क्रमांक आंतरराष्ट्रीय (1, 2, 3) आकड्यांत द्यावा. ज्यांचे काम बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे अशा ठिकाणच्या मिश्र गिऱ्हाइकांशी असते त्यांना हे विशेष उपयोगी पडते. कार्ड एकाच बाजूचे असेल तर फोन आंतरराष्ट्रीय आकड्यांत घ्यावा.

रंग, कागद आणि फाइल

लहान अक्षर नेहमी एकाच शाईत छापले जावे. चार रंगांच्या छपाईत मरून किंवा गडद हिरवा रंग दोन-तीन शाया एकमेकींवर येऊन तयार होतो, आणि त्या केसभर जरी सरकल्या तरी ९ पॉइंटच्या अक्षराला रंगीत सावली सुटते. पत्ता आणि फोन शुद्ध काळ्यात, म्हणजे काळी शाई १०० टक्के आणि बाकीच्या तिन्ही शून्य, असे ठेवावेत. फोटोशॉपमधून आलेला काळा बरेचदा चारही शायांचा असतो, त्यामुळे अक्षरे त्यात करूच नयेत. रंग हवा असेल तर तो नावाला द्यावा, तेथे अक्षर मोठे असल्याने खपून जातो.

गडद जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, पांढरी अक्षरे घ्यायची असतील तर प्रश्न उलटा होतो. आजूबाजूची शाई पांढऱ्या रेषांवर चढते, फटी रुंदावतात आणि बारीक शिरोरेषा मध्येच तुटते. अशा वेळी आकार एक पॉइंटने वाढवावा आणि जाडीही एक पायरी वर, म्हणजे रेग्युलरऐवजी मीडियम घ्यावी. फॉइल किंवा उठावाची छपाई १२ पॉइंटच्या खाली मी करत नाही. खडबडीत, हातकागदासारख्या कागदावर शाई फुटते म्हणून तेथे पत्ता ९.५ ठेवतो, ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, गुळगुळीत आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशन केले तर ८.५ स्वच्छ उमटतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि वाचताना कार्ड तिरके करावे लागते, म्हणून मी मॅट सुचवतो.

क्यूआर कोड ठेवायचा झाल्यास तो मागच्या बाजूला, २० मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्याच्याभोवती कोडातल्या एका लहान चौकोनाच्या चौपट रुंदीची कोरी कड हवी. त्यात सगळा पत्ता भरू नये. मजकूर वाढला की चौकोन बारीक होतात.

छापखान्याकडे फाइल देताना अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून द्यावी, म्हणजे त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी वेलांट्या जागच्या हलत नाहीत. कोरलड्रॉ आणि इनडिझाइन ही मांडणीची सॉफ्टवेअर वापरतानाही सावध राहावे: जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठी विस्कटते, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. ही रूपांतरे करून झाल्यावर मजकूर पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर वाचावा. चारही बाजूंना कापण्यासाठी ३ मिलिमीटर जादा जमीन सोडावी आणि कडेला चौकट काढू नये, कारण सुरी जराशी सरकली तरी चौकट वाकडी दिसते.

छपाईला परवानगी देण्यापूर्वीची परीक्षा घरच्या घरी होते. लेझर प्रिंटरवर १०० टक्के आकारात प्रिंट काढावी. ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू असेल तर आकार बदलतो, म्हणून कार्डाची रुंदी पट्टीने मोजून ८९ मिलिमीटर आली याची खात्री करावी. मग ते कापून एटीएम कार्डाशेजारी ठेवावे. एटीएम कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचे असते, त्यामुळे आपले कार्ड पाकिटाच्या कप्प्यात बसेल का तेही कळते. त्यानंतर घरातल्या किंवा शेजारच्या पन्नाशी उलटलेल्या एखाद्या व्यक्तीला, चष्मा न लावता, संध्याकाळच्या दिव्याच्या उजेडात ते वाचायला द्यावे. नाव मोठ्याने वाचून घ्यावे, गाव वाचून घ्यावे, आणि क्रमांक ते वाचत असताना तो आपण आपल्या फोनवर दाबावा. आपलाच फोन गुंतलेला लागला तर मजकूर छपाईला पाठवावा. एखाद्या आकड्याशी किंवा अक्षराशी ते अडखळले तर तेवढी ओळ अर्ध्या पॉइंटने वाढवून पुन्हा प्रिंट काढावी.